हृदयशस्त्रक्रियेनंतरची रक्तशर्करा आणि हृदयाची लय

कर्जत व खालापूर तालुक्यांतील बहुतेक रुग्णांना बायपास अथवा झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेमुळे अनेक कुटुंबांवरील शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार हलका झाला. परंतु त्यानंतरचे आठवडे रुग्ण आपल्या गावी, वाडीवर काढतो. त्या काळात कशाची काळजी घ्यावी, हे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांना कळावे, हा या लेखाचा हेतू आहे.

लय का बिघडते?

हृदयशस्त्रक्रियेनंतर दर दहा रुग्णांमागे साधारणतः दोन ते चार जणांच्या हृदयाची लय बिघडते. हृदयाचे वरचे दोन कप्पे नियमित आकुंचन न पावता नुसते थरथरतात. यास 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हा प्रकार अधिक आढळतो व बहुधा औषधोपचाराने आटोक्यात येतो. मात्र थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होऊ शकतो.

शर्करेचा संबंध

शस्त्रक्रियेच्या ताणामुळे शरीरात अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. त्यामुळे मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही रक्तशर्करा चढते. चढलेली शर्करा जखमेतील जंतुसंसर्गास पोषक ठरते. केवळ शर्करेमुळेच लय बिघडते, असे म्हणता येत नाही. वय, दाह, क्षारांचे प्रमाण अशी अनेक कारणे एकत्र येतात. उलटपक्षी, शर्करा फार उतरली तर अॅड्रेनलिन उसळते, तसेच इन्सुलिनमुळे रक्तातील पोटॅशियम घटते. या दोन्ही गोष्टी हृदयाच्या लयीस घातक आहेत.

शर्करा किती कमी ठेवावी, याविषयीचे मत अनुभवाने बदलले. २००१ साली बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे १,५४८ अतिदक्षता रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांत बहुसंख्य हृदयशस्त्रक्रियेचे होते. शर्करा ८० ते ११० मिलिग्रॅममध्ये ठेवल्याने अतिदक्षता विभागातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ८ वरून ४.६ वर आले. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक अतिदक्षता रुग्णांच्या अभ्यासात असेच कडक नियंत्रण अधिक घातक ठरले. शर्करा धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रकार कितीतरी वाढले. म्हणून आता शर्करा साधारणतः १८० च्या आत, परंतु फार खाली जाऊ न देता ठेवण्यावर भर असतो.

घरी गेल्यावर

'साखर जितकी कमी तितके उत्तम' हा समज योग्य नाही. इन्सुलिन घेऊन रुग्णास उपाशी ठेवू नये. भात व तांदळाची भाकरी पूर्ण बंद न करता ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या वेळी द्यावी. घाम, थरथर वा भान हरपल्यासारखे वाटल्यास शर्करा तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास व रुग्ण शुद्धीवर असल्यास साखरपाणी देऊन डॉक्टरांशी संपर्क साधावा. रोज मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ठोके अनियमित किंवा फार जलद लागल्यास ई.सी.जी. काढून घ्यावा. रक्त पातळ करणारे औषध बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नये. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे वा हातापायातील शक्ती जाणे, असे काही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात आणावे.

मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च सर्वांना दिसतो. त्यानंतर लागणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, ई.सी.जी.चा कागद व तपासणीस येण्याचे गाडीभाडे हा खर्च लहान असूनही अनेक घरांना जड जातो, आणि तेथेच उपचाराची साखळी तुटते. ही साखळी अखंड राहावी म्हणून दात्यांनी या किरकोळ वाटणाऱ्या बाबींसाठीही साहाय्याचा हात पुढे करावा, अशी नम्र विनंती आहे.