घरातून जाणारी शाळेची वाट

इथिओपियाच्या गोंदर आणि तिग्रे या डोंगराळ मुलुखांत शतकानुशतके शेती, लोहारकाम आणि कुंभारकाम करून उपजीविका करणारा 'बेटा इस्रायल' हा ज्यू समाज मुख्यत्वे दोन मोठ्या विमानमोहिमांनी इस्रायलमध्ये आणला गेला. १९८४-८५ च्या 'ऑपरेशन मोझेस'ने सुदानमार्गे माणसे आणली, पण त्याआधी सुदानकडे निघालेल्यांपैकी सुमारे चार हजार माणसे वाटेत आणि निर्वासितांच्या छावण्यांत दगावली होती. मे १९९१ च्या 'ऑपरेशन सॉलोमन'ने मात्र अवघ्या ३६ तासांत चौदा हजारांहून अधिक माणसे अदिस अबाबाहून सुखरूप नेली. या मोहिमांचे शौर्य जगभर वाखाणले गेले. परंतु विमानातून उतरलेल्या मुलांना शिक्षण कसे द्यावे, हा त्यानंतरचा प्रश्न अधिक दीर्घ आणि अधिक कठीण ठरला.

ज्या समाजात वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा मानला जाई आणि 'केस' या धर्मगुरूंच्या निवाड्याने कज्जे मिटत, त्याच समाजातील निरक्षर पित्यावर सरकारी खात्याचा कागद दहा वर्षांच्या मुलाकडून वाचून घेण्याची पाळी आली. कारण हिब्रू भाषा मुलाला आधी अवगत झाली होती. त्यातच मुलांना हिब्रू नावे देण्यात आली, आणि १९८० च्या दशकात आलेल्या बहुसंख्य किशोरवयीन मुलांची रवानगी 'यूथ अलिया' या संस्थेच्या निवासी शाळांत झाली. १९३० च्या दशकात जर्मनीतील ज्यू मुलांच्या संरक्षणार्थ उभारलेली ही व्यवस्था सद्भावनेची होती, आणि ज्यांचे आईबाप वाटेत मृत्यू पावले वा मागे राहिले, त्यांना तिने आश्रय दिला, हेही निर्विवाद आहे. तथापि ज्यांचे घर शाबूत होते त्यांनाही घरापासून दूर ठेवल्याने मातापित्यांचा उरलासुरला अधिकारही क्षीण झाला. आणि अनेकांना धंदेशिक्षणाच्या शाखांकडे वळवल्यामुळे, विश्वविद्यालयाचे दार उघडणारी 'बग्रुत' परीक्षा पुरेशा दर्जाने उत्तीर्ण होण्याची संधी त्यांच्या हातून निसटली.

या अनुभवातून पुढील कार्यक्रमांची दिशा बदलली. 'इथिओपियन नॅशनल प्रोजेक्ट' या उपक्रमात माध्यमिक शाळेतील मुलांना नित्याच्या तासांनंतर लहान गटांत गणित, इंग्रजी आणि हिब्रू शिकविण्याची तजवीज झाली. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या 'फिदेल' संस्थेने तर शिक्षक आणि पालक यांच्यामधील दुवा म्हणून त्याच समाजातील मध्यस्थ तयार केले. या मध्यस्थाचे काम वरकरणी साधे, पण मर्माचे आहे. गुरुजनांच्या नजरेला नजर न देणे हा इथिओपियन घरातला विनय. शिक्षकाला मात्र त्यात मुलाची मंदबुद्धी वा उदासीनता दिसते. मुलाला शाळेच्या स्वाधीन केल्यावर गुरूच्या कामात ढवळाढवळ करू नये, या आदरापोटी बाप सभेला जात नाही; आणि दप्तरी त्याची बेपर्वाई नोंदली जाते. अम्हारिक किंवा तिग्रिन्या जाणणारा मनुष्य दोघांमध्ये बसला म्हणजे शिक्षकाला मुलाचे मौन कळते, पालकाला शाळेचे शास्त्र उमगते, आणि मुलाला आपल्या बापाचे म्हणणे त्या खोलीत विचारात घेतले जाताना दिसते.

हे अखेरचे दर्शन सर्वांत मोलाचे, कारण शाळेबाहेरचा व्यवहार त्याच्या नेमका विरुद्ध चालत आला आहे. १९८५ मध्ये या समाजाला, त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेऊन इस्रायलच्या धर्मपीठाने मागितलेल्या शुद्धिविधीविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. त्यांनी दान केलेले रक्त गुपचूप फेकून दिले जात असल्याचे १९९६ मध्ये उघडकीस आले. आणि पोलिसांनी एका गणवेशधारी इथिओपियन सैनिकाला मारहाण केल्यावर २०१५ मध्ये तरुण पिढी रस्त्यावर उतरली. कोकणातून तेथे गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींना ही वेदना अपरिचित नाही. त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा हुकूम धर्मपीठाने काढला होता, आणि प्रखर आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यातून त्यांचा नामनिर्देश वगळावा लागला. ज्या मुलाच्या बापाचा धर्मच शंकास्पद ठरवला जातो, त्याला घराचा अभिमान बाळग, असे शाळेने कोणत्या तोंडाने सांगावे?

२०१५ नंतर तेथील सरकारने स्वतंत्र योजनांऐवजी सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेतच या मुलांना सामावून घेण्याचे धोरण स्वीकारले. वेगळ्या वर्गाने मुलावर वेगळेपणाचा शिक्का बसतो, ही त्यामागची भीती रास्त आहे. परंतु शिक्का पुसण्याच्या भरात दुवा तोडला जाऊ नये. जादा तास सर्व गरजू मुलांना एकत्र द्यावेत; मध्यस्थाची जागा मात्र वर्षागणिक मिळणाऱ्या देणगीवर न ठेवता शाळेच्या कायम आस्थापनेवर निर्माण करावी, आणि कोणत्याही साहाय्याचा ताळेबंद मांडताना मुलाच्या गुणांबरोबरच त्याच्या मातापित्यांना शाळेच्या निर्णयांत किती स्थान मिळाले, याचीही नोंद घ्यावी. आईबापांचा मान राखून दिलेले साहाय्यच मुलाला पुढे नेते आणि त्याचे घरही सावरते; तो मान हिरावून घेणारी योजना कितीही खर्चाची असली तरी अपुरीच राहील.