अकरा दिवस गिळून ढेकर न देणारं पार्लमेंट

सन १५३१. रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर यांच्या लंडनमधल्या घरी पेज शिजत होती. रिचर्ड रूस नावाच्या आचाऱ्यानं तिच्यात कसलीशी पूड टाकली. पेज खाऊन दोघं दगावले: घरातला एक गृहस्थ आणि दाराशी अन्नासाठी आलेली एक गरीब विधवा. बिशपनी नेमकी त्या दिवशी पेज घेतलीच नव्हती. ‘मी आपली गंमत केली,’ असं रूसचं म्हणणं. आठवा हेन्री असा भडकला की खटलाबिटला राहिला बाजूला, पार्लमेंटनं थेट कायदाच केला: विष घालणं म्हणजे राजद्रोह, शिक्षा जिवंत उकळण्याची. गुन्हा आधी, कायदा मागाहून, वर कायद्यातच आचाऱ्याचं नाव! शिक्षा अमलातही आली. १५४७ मध्ये हा कायदा रद्द झाला. रूसला त्याचा काय उपयोग म्हणा.

ब्रिटनला एका पुस्तकात मावणारी राज्यघटना नाही. त्यामुळे पार्लमेंटचा कायदा ‘घटनाबाह्य’ म्हणून केराच्या टोपलीत टाकायची सोय तिथल्या कोर्टांना नाही. अठराव्या शतकातला जिनिव्हाचा लेखक द लोल्म म्हणाला होता, हे पार्लमेंट बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई करणं सोडून काहीही करू शकतं. २००४ मध्ये लिंगबदलाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा करून पार्लमेंटनं तेही मनावर घेतलं.

बुधवारनंतर गुरुवार, पण कुठला?

२ सप्टेंबर १७५२, बुधवार. रात्री झोपलेले लोक सकाळी उठले ते गुरुवारी, १४ सप्टेंबरला. मधले ११ दिवस पार्लमेंटनं कायद्यानं पुसून टाकले, कारण युरोपातल्या इतरांशी कॅलेंडर जुळवायचं होतं. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणत लोकांनी दंगली केल्याची गोष्ट चवीनं सांगतात, पण इतिहासकारांना दंगलीचा पुरावा काही सापडत नाही. विल्यम होगार्थच्या निवडणुकीच्या मेजवानीच्या चित्रात तशी एक पाटी जमिनीवर पडलेली दिसते, तिचाच हा प्रताप असावा. भाडी-देणी मात्र ११ दिवस अलीकडे ओढायची नाहीत, अशी तजवीज कायद्यातच होती. आधी २५ मार्चला फिरणारं कराच्या हिशेबाचं वर्ष सरकत सरकत ६ एप्रिलवर येऊन बसलं, ते अजून तिथंच आहे. १ एप्रिलची सवय असलेला पुणेकर लंडनला नोकरीला गेला की पहिल्या वर्षी हमखास बुचकळ्यात पडतो.

निळे डोळे, पॅरिसची सिगारेट

पॅरिसच्या रस्त्यावर सिगारेट ओढणं हा गुन्हा, असा कायदाही ब्रिटिश पार्लमेंट करू शकतं, असं आयव्हर जेनिंग्ज हे घटनातज्ज्ञ सांगत. पॅरिसचा पोलीस हसेल तो भाग वेगळा. १८८२ मध्ये लेस्ली स्टीफन यांनी (व्हर्जिनिया वुल्फचे वडील) याहून भयंकर उदाहरण दिलं होतं: निळ्या डोळ्यांची सगळी बाळं मारून टाका, असा कायदा झाला तर? कायदेशीर होईल की! पण तो करायला खासदार वेडे हवेत आणि तो पाळायला जनता त्याहून खुळी. मला या वादातलं सगळ्यात शहाणं उत्तर हेच वाटतं.

स्वतःच्या कुलपाची किल्ली

एक गोष्ट मात्र या सर्वशक्तिमान सभेला साधत नाही: पुढच्या पार्लमेंटचे हात बांधणं. २०११ मध्ये कायदा झाला, मुदतपूर्व निवडणुकीला दोन तृतीयांश खासदार हवेत, म्हणजे ६५० पैकी ४३४. २८ ऑक्टोबर २०१९ रोजी तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन या अटीवर तिसऱ्यांदा आपटले. २९९ मतांवर गाडी अडली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ‘निवडणूक १२ डिसेंबरला’ एवढ्यापुरतं चिमुकलं विधेयक आणलं. त्याला साधं बहुमत पुरे. ४३८ विरुद्ध २०! कुलूप जागच्या जागी, चोर माजघरात.

बाकी कशालाही मनाई नाही. ब्रिटनमधून निर्वासितांना धाडायला रवांडा सुरक्षित नाही, असं २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. २०२४ मध्ये पार्लमेंटनं कायदाच केला की रवांडा सुरक्षित आहे! या कायद्याखाली सक्तीनं तिकडे एकही माणूस गेला नाही.

आपल्याकडे हा थाट चालत नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ पैकी ७ न्यायमूर्तींनी ठरवलं, घटना दुरुस्त करा, पण तिचा मूळ ढाचा मोडायचा नाही. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर?

बघू!

ब्रिटनमध्ये विधेयकावर राजाची संमती आजही जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये पुकारतात: राजाची इच्छा आहे. नकाराचंही वाक्य ठरलेलं आहे, आणि ते आपल्या कुठल्याही कचेरीत शोभेल: राजा विचार करील. थोडक्यात, ‘बघू!’ हे ‘बघू’ शेवटचं ऐकू आलं १७०८ मध्ये, ॲन राणीकडून, स्कॉटलंडच्या नागरी सेनेच्या विधेयकावर. तेही मंत्र्यांच्या सल्ल्यावरून.