समुद्रात फेसणारा साबण

गरवून परतलेल्या माणसाच्या हाताचा वास किनाऱ्यावरच्या घराला नवा नाही. गळाला लावायला कापलेलं माकूल, सोललेली कोळंबी, तारलीचे तुकडे, आणि त्यावर मासा सोडवताना लागलेला बुळबुळीत थर. माझा धाकटा भाऊ रत्नागिरीजवळच्या कातळांवर बसून गरवतो. पहाटे निघतो, उन्हं चढल्यावर येतो आणि मधे कधीतरी त्याच हातांनी डब्यातली भाकरी खातो. गोडं पाणी बाटलीभर, तेही पिण्यापुरतं. हात धुवायला समोर अख्खा समुद्र आहे. पण न्हाणीतला साबण तिथे नेला की तो हातावर नुसता सरकतो. फेस येत नाही, उलट पांढरट चिकट कण बोटांच्या बेचक्यांत अडकून बसतात. त्याच्यासाठी मी खोबरेल तेलाचा साबण घरी करायला लागले. आता त्याच्याबरोबर गरवायला बसणारे दोघेतिघेही दरवर्षी वड्या मागून नेतात.

नेहमीचा साबण समुद्रात का हरतो, हे एकदा समजलं की खोबरेल तेलाशिवाय दुसरं तेल हातात घ्यावंसं वाटत नाही. साबण म्हणजे तेलातली आम्लं आणि सोडियम यांचा क्षार. समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात बहुतेक आपलं खायचं मीठच, पण सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम आणि सुमारे ०.४ ग्रॅम कॅल्शियमही असतं. हे दोघं सोडियमची जागा बळकावतात आणि साबणाचा न विरघळणारा चोथा करून टाकतात. विहिरीच्या जड पाण्यात बादलीच्या कडेला बसणारी पांढरी रेघ ती हीच. समुद्रात तिच्या जोडीला मीठ उभं राहतं. साबणाच्या कारखान्यात उकळत्या कढईत मीठ टाकतात, ते साबण पाण्यातून फुटून दह्याच्या कवडीसारखा वर यावा आणि ग्लिसरीन खालच्या पाण्यात राहावं म्हणून. कातळावर बसून समुद्राच्या पाण्याने हात धुणारा माणूस नकळत हीच क्रिया आपल्या तळहातावर करत असतो.

खोबरेल तेल इथे वेगळं पडतं. ऑलिव्ह किंवा शेंगदाणा तेलातल्या बहुतेक आम्लांची साखळी अठरा कार्बनची असते. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि त्याची साखळी बारा कार्बनची. साखळी आखूड, म्हणून साबण पाण्यात सहज विरघळतो आणि त्याला मिठाने बाहेर काढायचं तर फार जास्त मीठ लागतं. समुद्रात तेवढं मीठ नाही. मॅग्नेशियम काही साबण खातंच, त्यामुळे वडी थोडी जास्त घासावी लागते. फेसही सायीसारखा दाट नसतो, मोठ्या बुडबुड्यांचा आणि मोकळा असतो. पण तो येतो, आणि हाताचा तेलकटपणा घेऊन जातो.

दर्यावर्दींना हे जुनंच ठाऊक आहे. फ्रान्समधल्या मार्सेयच्या साबणाला १६८८ सालच्या राजाज्ञेने ऑलिव्ह तेलाची सक्ती केली होती. तो साबण नावाजला, पण खाऱ्या पाण्यात त्याचा उपयोग नव्हता. एकोणिसाव्या शतकात उष्ण प्रदेशातलं खोबरेल तेल युरोपच्या साबणवाल्यांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोचलं आणि जहाजांसाठी ‘मरीन सोप’ निघाला, तो याच तेलाचा. आज कृत्रिम डिटर्जंट हे काम करतात. भांडी घासायचा द्रवही समुद्राच्या पाण्यात फेसतो. तरीही जे तेल आपल्या परसात वाळलेल्या खोबऱ्यातून निघतं, तेच समोरच्या समुद्रात चालावं, याचं मला अजून नवल वाटतं. बाटली विकत घ्यायचं मन होत नाही.

करायला तासभर पुरतो, पण माप ग्रॅमला ग्रॅम हवं. वाटी-चमच्याने हा साबण करू नये. अर्धा किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण ९१ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. मी ७३ ग्रॅमच घेते. निव्वळ खोबरेल तेलाचा साबण कातडी कोरडी करतो, आणि गळाने, काट्यांनी ओरखडलेल्या हातांना तो झोंबतो. सोडा पाचव्या हिश्शाने कमी केला की तेवढं तेल साबणात तेलच राहतं आणि हातांना सांभाळतं. दुसऱ्या तेलांच्या बाबतीत इतकं मोकळं तेल ठेवलं तर वडी खवट होण्याची भीती असते. खोबरेल तेल फार सावकाश खवट होतं, म्हणून ही मुभा.

पाणी १८० ग्रॅम. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, दार उघडं, पोरं बाहेर. सोडा विरघळताना पाणी भांड्याला हात लावता येणार नाही इतकं तापतं, वाफ नाकाला झोंबते. कातडीवर थेंब उडाला तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरायचं.

तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही कोमट असली की पाणी तेलात ओतायचं आणि ढवळत राहायचं. आधी नुसतं गढूळ दिसतं. मग रंग दुधट होतो, मिश्रण पळीवाढं होतं, आणि पळीतून पडलेली धार वर क्षणभर रेघ होऊन राहते. ती रेघ दिसली की साबण जमला. यात मी वाळवलेला कॉफीचा चोथा दोन चमचे घालते. खवले आणि नखांच्या कडेची घाण त्याने निघते. मग साच्यात ओतायचं.

पहिल्या खेपेला मी साचा रात्रभर ठेवला आणि सकाळी सुरी लावली. वड्या खडूसारख्या तुटल्या, कडा ढासळल्या, निम्मा घाणा वाया गेला. हा साबण फार लवकर कडक होतो, आणि ऊब असतानाच, चार-पाच तासांत कापला तर कड सरळ येते. तेव्हाच प्रत्येक वडीला आरपार भोक पाडायचं. साबण पाण्यात बुडतो. कातळावरून निसटला तर गेलाच, म्हणून दोरी हवी. ती ओवली की वडी टांगून वाळतेही. ओल्या डबीत ठेवलेला खोबरेल साबण झरझर झिजतो.

वासाचं गणित वेगळं आहे. माशाचा वास मुख्यतः अमाईन गटातल्या द्रव्यांचा असतो आणि त्यावर उतारा आम्लाचा. म्हणूनच मासळीला आपण कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळतो. साबण अल्कधर्मी, तो वास मारत नाही, ज्या तेलकट थरात वास मुरला आहे तो थर धुऊन नेतो. भाऊ आधी लिंबाची फोड चोळतो, मग साबण. लिंबाचा रस साबणातच घातला तर आम्ल सोड्याशी भिडून संपतं. सायट्रिक ॲसिड मात्र हिशोबाने घालता येतं: दर १० ग्रॅमला साधारण ६ ग्रॅम सोडा वाढवायचा. त्यातून तयार होणारं सायट्रेट विहिरीच्या जड पाण्यातला चोथा थोडा आवरतं.

गरवणाऱ्यांना आणखी एक काळजी असते, ती माणसाच्या वासाची. कॅनडातल्या संशोधकांनी १९५६ साली दाखवलं, की आपल्या कातडीवरून पाण्यात उतरणारं सेरीन हे अमिनो आम्ल नदीतून वर चढणाऱ्या सॅमन माशांना बिचकवतं. परदेशी गरवणारे साबणात ॲनिसचं तेल घालतात, ते हा वास झाकायला. ॲनिसचा सुगंध ज्या ॲनिथोलमुळे येतो, ते आपल्या बडीशेपेतही आहे. भाऊ बडीशेपेचं तेल घालायला सांगतो आणि मी घालते. शेंगटीसारखे मासे अंगभर चव घेत फिरतात, त्यांच्या तोंडापुढे न धुतलेला हात लागलेलं आमिष कोण टाकील?

साबण चार ते सहा आठवडे मुरू द्यावा लागतो. सोडा आणि तेलाची गाठ दोन दिवसांत पडते, पण पाणी उडून वडी घट्ट व्हायला वेळ हवा. कोकणच्या पावसात वड्यांना घाम सुटतो, म्हणून मी मेच्या सुरुवातीला साबण करते. माळ्यावर फळीवर एकमेकींना न टेकवता मांडलेल्या वड्या पहिल्या सरीच्या आत कोरड्या होऊ लागतात. मग त्या कागदात गुंडाळून डब्यात जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दुसऱ्या पहाटे भाऊ एक काढून घेतो, दोरी पिशवीच्या बंदाला बांधतो आणि निघतो.