झोळी सैल का बांधायची?

आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जंगलात हॅमॉक बांधून कसं झोपावं, हे सांगायचं? सांगतो. कारण आपल्या गृहीतांची इतकी रोकडी परीक्षा घेणारी वस्तू क्वचितच सापडते.

तान्ह्या बाळाला आपण साडीच्या झोळीत निजवतो, त्याचंच हे मोठ्या माणसाचं रूप. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, 'हमाका'. कोलंबस १४९२ साली तिथे पोचला आणि मग स्पॅनिश लोकांमार्फत शब्द आणि वस्तू दोन्ही युरोपात गेले.

आज जंगलात ही झोळी का लागते? अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल घ्या. जॉर्जियापासून मेनपर्यंत साधारण ३५०० किलोमीटरची पायवाट, बहुतेक झाडीतून जाणारी. संध्याकाळी थकून थांबावं तर खाली उतार, दगड, मुळं, चिखल. तंबूला सपाट जमीन लागते, झोळीला दोन झाडं पुरतात. आपल्या सह्याद्रीतल्या उघड्या कातळपठारांवर नेमकं उलट: जमीन आहे, झाडं नाहीत. तिथे तंबूच बरा.

आता पहिलं गृहीत. 'सपाट झोपायचं, तर कापड घट्ट ताणलं पाहिजे.' पलंगावर झोपणाऱ्याला हे इतकं उघड वाटतं, की तो विचारच करत नाही. पण गणित बघा. माणूस ८० किलोचा. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर ८० किलोंइतका ताण येतो. कोन १० अंश केला, की तोच ताण सुमारे २३० किलो. ५ अंशांवर जवळपास ४६० किलो! वजन तेच, माणूस तोच. तुम्ही धप्पकन बसलात, तर ताण याहूनही जास्त. दोर तुटतो, गाठ सुटते, ती अशी.

म्हणून झोळी सैल बांधायची आणि तिच्यात तिरकं झोपायचं. डोकं थोडं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. मग पाठ बरीचशी सरळ राहते. म्हणजे सपाटपणा मिळतो तो सैलपणातून.

दुसरं गृहीत: 'जमिनीपासून सुटलो, म्हणजे थंडीपासून सुटलो.' असं होत नाही. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यात कोंडलेल्या हवेमुळे. पाठीखाली ती दबते, हवा निघून जाते, आणि खालून वारा वाहत असतो. मध्यरात्री पाठ गारठते. उपाय दोन: आत जाड मॅट घाला, किंवा झोळीच्या बाहेरून खाली रजई टांगा. ती दबत नाही, म्हणून ऊब टिकते.

आणि झाडं? जिवंत, जाड बुंध्याचीच निवडा. आधी वर बघा. वाळकी फांदी लोंबत असेल, तर दुसरी जागा शोधा. बारीक दोर सालीत रुततो, म्हणून बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळा. उंची खुर्चीइतकीच ठेवा आणि खाली दगड नको. पडलात, तरी मातीवर पडाल.

गृहीत चुकलं तर वर्गात फार तर गुण जातात. इथे मणका जातो. तेव्हा जंगलात जाण्याआधी एक रात्र घराजवळच्या झाडांवर झोपून बघा.