वाळवंटातील नव्या रानफुलाची ओळख : ओव्हिक्युला बायरेडिएटा

प्रस्तावना : एखादी वनस्पती 'नवीन जाती' म्हणून केव्हा मान्य होते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही पडतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात सापडलेल्या ओव्हिक्युला बायरेडिएटा या रानफुलाच्या आधारे त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वरूप : हे उद्यान चिवावा वाळवंटाच्या डोंगराळ प्रदेशात वसलेले आहे. त्याच्या उत्तर भागातील खडकाळ जमिनीवर ही इवलीशी वनस्पती पाऊस पडून गेल्यावर उगवते. सूर्यफुलाच्या कुलातील या वनस्पतीच्या पानांवर पांढरी दाट लव असते, म्हणून वंशनामाचा अर्थ 'छोटी मेंढी' असा आहे. पिवळ्या स्तबकातून बहुधा दोनच तांबूस रेषांची किरणपुष्पके डोकावतात. 'बायरेडिएटा' म्हणजे दोन किरणांची.

शोध व नामकरण : मार्च २०२४ मध्ये उद्यानातील एका स्वयंसेवकाच्या ती दृष्टीस पडली. ओळख न पटल्याने तिची छायाचित्रे 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर ठेवण्यात आली. तज्ज्ञांनाही ती परिचित वाटेना. मात्र छायाचित्रावरून जाती सिद्ध होत नाही. त्यासाठी नमुने गोळा करून वनस्पतिसंग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहावे लागतात. पुढे डीएनए विश्लेषणावरून ही वनस्पती स्वतंत्र वंशाची असल्याचे दिसून आले. नाव वैध ठरण्यासाठी प्रारूप नमुना निश्चित करून वर्णन प्रसिद्ध करणे आवश्यक असते. २०१२ पासून हे वर्णन लॅटिनप्रमाणेच इंग्रजीतही चालते. त्यानुसार फेब्रुवारी २०२५ मध्ये 'फायटोकीज' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानात नवा वंश आढळण्याची १९७६ नंतरची ही पहिलीच घटना मानली जाते.

महत्त्व : ही वनस्पती केवळ तीन ठिकाणी आढळली आहे. पावसावर अवलंबून असलेल्या अशा वनस्पतीला वाढता दुष्काळ घातक ठरू शकतो. नाव नसलेल्या वनस्पतीची गणना होत नाही आणि गणना नसल्यास संरक्षणाची मागणीही करता येत नाही. नामकरण ही संवर्धनाची पहिली पायरी होय.

निष्कर्ष : सामान्य निरीक्षकाची जिज्ञासा, संग्रहालयातील जुने नमुने व आधुनिक प्रयोगशाळा या तिन्हींच्या मेळातून ही जाती प्रकाशात आली. महाविद्यालयांतील वनस्पतिसंग्रह धूळ खात पडू देऊ नयेत आणि विद्यार्थ्याने आणलेले अनोळखी रोप दुर्लक्षिले जाऊ नये, हाच या उदाहरणाचा बोध आहे.