दिवाळीतला फुसका बार

२०११ची दिवाळी ज्यांना आठवते त्यांना 'रा.वन'चा गाजावाजाही आठवत असेल. त्या वर्षीच्या क्रिकेट विश्वचषकातल्या जाहिरातींपासून जे ढोल वाजू लागले, ते २६ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चित्रपट लागेपर्यंत थांबले नाहीत. शाहरुख खान निर्माता आणि नायक, दिग्दर्शक अनुभव सिन्हा, 'छम्मक छल्लो' गायला थेट अमेरिकेचा एकॉन! हॉलिवूडच्या तोडीस तोड सुपरहिरो आता आपल्याकडेही, असं एकूण वातावरण होतं. फराळाचं ताट अर्धवट टाकून, भाच्याचा हात धरून मीही गेलो.

गंमत म्हणजे, मूळ कल्पना अस्सल होती. लंडनमधला शेखर सुब्रमण्यम हा व्हिडिओ गेम बनवणारा बाप. बावळट, नूडल्स दह्यात कालवून खाणारा. (तमिळ माणसाची ही थट्टा तेव्हाही शिळीच होती.) मुलाला त्याची लाज वाटते, मुलाला आवडतात ते खलनायक. पोराच्या नजरेत भरावं म्हणून बाप कधीही न हरणारा खलनायक तयार करतो आणि तोच खेळातून बाहेर येऊन बापाचा जीव घेतो. आपल्या हट्टापायी बाप गेला, हे ओझं घेऊन आता त्या पोरानं जगायचं! भस्मासुराच्या गोष्टीला अशी घरगुती कळ क्वचितच कुणी दिली असेल. पण सिनेमाला रडायला सवड कुठे? बापाचाच चेहरा घेऊन जी.वन नावाचा यंत्रपुरुष येतो आणि विनोद, गाणी, हाणामारी यांची एकच गर्दी उडते.

शेखर कपूर यांचा 'मिस्टर इंडिया' १९८७चा. त्याची करामत काय, तर मनगटावरचं यंत्र आणि हवेत तरंगणारी हनुमानाची मूर्ती. पण त्या अरुणच्या घरात अनाथ पोरं होती, थकलेलं भाडं होतं, वाण्याची उधारी होती. अदृश्य होण्याआधीच तो आपला झाला होता. बॉम्बस्फोटात चिमुकली टीना जाते तेव्हा अख्खं थिएटर गप्प झालेलं मी पाहिलंय.

'रा.वन'मधला सगळ्यात मोठा तमाशा आहे बेफाम सुटलेल्या लोकलचा. जी.वन तिच्यामागे धावतो आणि ती शेवटी आपल्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये घुसते. दगडी इमारत ढासळू लागते. काम चोख होतं, यातल्या स्पेशल इफेक्ट्सना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण अवघ्या तीन वर्षांपूर्वी, २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री, याच स्थानकात पन्नासहून अधिक माणसं गोळ्यांना बळी पडली होती. मुंबईतल्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा यायला पडद्यावर तिथला एखादा बाक दाखवला असता तरी पुरे होतं. इथे इमारत कोसळत होती आणि आमच्या रांगेत कुणी चुळबूळही केली नाही. त्या गाडीत, त्या फलाटावर कोण होतं, त्यांचं काय झालं, हे सिनेमालाच ठाऊक नव्हतं. मग आम्ही कुणासाठी घाबरायचं?

भाच्यानं तेवढं विचारलं, ''मामा, हे कॉम्प्युटरवर केलंय ना?''

मी हो म्हटलं. तो पुन्हा पॉपकॉर्नकडे वळला.