पिशवीचे दुखणे एकट्या बाईचे नव्हे

पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसते, मधेच अंगावरून जाते. पण सांगायचे कुणाला? आपल्या माता-भगिनी असे दुखणे अंगावर काढतात. धुण्याभांड्याच्या कामाचा खाडा परवडत नाही आणि पिशवीचे नाव काढायची लाज वाटते. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग याच मुकेपणात वाढतो. तो वाढायला बरीच वर्षे घेतो, म्हणून वेळेवर सापडला तर बाई वाचते.

तो वस्तीत जाऊन शोधता येतो, हे आपल्या मुंबईतच सिद्ध झाले. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली शहरातील झोपडपट्ट्यांचे २० विभाग निवडले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिला या अभ्यासात होत्या. तपासणी करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या स्थानिक महिलांना काही आठवडे शिकवून तयार केले होते. व्हिनेगरसारखे सौम्य ॲसिड पिशवीच्या तोंडाला लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. पांढरा डाग उठला तर पुढच्या तपासणीला रुग्णालयात पाठवायचे. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी २०१४ साली निष्कर्ष छापले: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

रुग्णालयाने ज्ञान दिले, वस्तीने जागा आणि विश्वास दिला, लेकीबाळींनी हात दिले. यातला एक दुवा तुटला असता तरी काम अडले असते.

मात्र याच अभ्यासावर टीकाही झाली. निम्म्या महिलांना तेव्हा तपासणी मिळाली नाही, फक्त रोगाची माहिती देण्यात आली. गरीब वस्ती म्हणजे प्रयोगाची जागा नव्हे. सहकार्य बरोबरीचे हवे. काय करणार, कोणाला काय मिळणार, हे आधी विचारण्याचा हक्क आपला आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. मग पिशवीच्या दुखण्याचा भार तरी बाईने एकटीने का वाहावा?

आमच्या कळंबोलीत लोखंड बाजार आहे, ट्रक टर्मिनल आहे. येथे घाम गाळणाऱ्यांच्या घरांतील महिलांसाठी काय करता येईल? टाटांचे कर्करोग केंद्र शेजारच्या खारघरला आहे. २०१६ पासून पनवेल महानगरपालिका आहे, दारोदार फिरणाऱ्या आशाताई आहेत. विहाराने रविवारी एक तास या विषयाला द्यावा. महिला मंडळाने तिशी ओलांडलेल्या भगिनींची यादी करावी आणि ती चारचौघांत वाचू नये. शिकलेल्या मुलींनी आईसोबत दवाखान्यात जावे. कामगार संघटनेने तपासणीच्या दिवसाचा खाडा भरून द्यायचा विचार करावा. आणि बंधूंनो, त्या दिवशी चूल तुम्ही सांभाळा.

सभा, हारतुरे पुष्कळ झाले. येत्या रविवारी विहारात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: आपल्या वस्तीत तपासणी कधी?